शनिवारच्या बरण्या

माझी पस्तीस वर्षं फॉर्मॅलिनच्या वासात गेली. त्यामुळे मला अत्तरातलं काही कळत नाही, आणि उदबत्ती विझली का हेही घरच्यांना विचारावं लागतं. निवृत्त होताना विभागाने मला चंदनाच्या साबणांची पेटी दिली. देणाऱ्यांना त्यातला विनोद कळला नव्हता. मला कळला, पण पेटी घेतली.

मी पुण्यातल्या एका हॉस्पिटलात पॅथॉलॉजी विभागात तंत्रज्ञ होते. पॅथॉलॉजी म्हटलं की लोकांना रक्त-लघवी आठवते. तो कारभार तळमजल्यावर. आमच्याकडे दुसऱ्या मजल्यावर यायच्या त्या गाठी. ऑपरेशन करून काढलेली गाठ बरणीत घालून वर यायची आणि ती कसली आहे हे डॉक्टरांनी सांगण्याआधी तिचं जे काही करावं लागतं, ते मी करायचे. लग्नात आचारी असतो तसं आमचं. जेवण उत्तम झालं तर यजमानाचं कौतुक, आणि भाजी खारट झाली की आचारी कोण होता याची चौकशी.

गाठ फॉर्मॅलिनमध्ये मुरली की टणक होते. मग तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, त्यातलं पाणी काढायचं, मेण भरायचं. झाला ब्लॉक. तो यंत्रावर लावून पात्याने इतका पातळ काप काढायचा की फुंकर मारली तर हरवेल. काप कोमट पाण्यावर तरंगत सोडायचा आणि काचेच्या पट्टीवर अलगद उचलून घ्यायचा. हे मला जमायचं. नवीन मुली दोन-दोन महिने रडायच्या, मी त्यांच्यासमोर एका हाताने चहा पीत काप उचलायचे. चहा प्रयोगशाळेत आणायला बंदी होती, हे इथे कबूल करून टाकते.

बरण्याही नाना प्रकारच्या. हॉस्पिटलातल्या बरण्या सरळ असत, पण तालुक्याच्या डॉक्टरांकडून आलेलं काही सांगता यायचं नाही. कुणी लोणच्याच्या बरणीत पाठवायचं, कुणी तुपाच्या डब्यात. एक गृहस्थ बायकोची गाठ घेऊन एसटीने स्वारगेटला उतरले. गाडीला तुफान गर्दी, आणि हे मांडीवर पिशवी घेऊन अवघडून बसलेले. शेजारच्याने सहज विचारलं पिशवीत काय आहे, तर यांनी खरं सांगितलं. पुढचे तीन तास त्यांच्या आजूबाजूच्या सीटवर कुणी बसलं नाही. आमच्या खिडकीपाशी येऊन ते मला म्हणाले, "प्रवास मात्र आरामात झाला." बायकोची गाठ साधी निघाली, म्हणून हा किस्सा मी हसत सांगू शकते.

पण मला लिहायचं आहे ते शनिवारबद्दल.

स्तनाच्या गाठीची एक चाचणी असते. काही गाठी बाईच्या शरीरातल्या हॉर्मोनवर पोसल्या जातात. तशी गाठ असेल तर आमचा खास रंग टाकल्यावर सूक्ष्मदर्शकाखाली पेशींमध्ये तपकिरी ठिपके दिसतात. ठिपके आले की आम्ही पॉझिटिव्ह म्हणायचो, आणि इथे पॉझिटिव्ह ही चांगली बातमी असते. कारण मग गाठीचं खाणं तोडणारी एक साधी गोळी देता येते. रोज एक, पाच वर्षं. कॅन्सर परत येण्याचा धोका तिने बराच कमी होतो. ठिपके आले नाहीत तर त्या गोळीचा काही उपयोग नाही. मग केमोथेरपी करायची आणि पुढे वाट बघायची.

आमच्या विभागात डॉ. हेमांगी होत्या. मूळच्या यवतमाळच्या, शिकायला पुण्यात आल्या आणि राहिल्या. वीस वर्षांत त्यांनी पुणेरी बोलणं पूर्ण आत्मसात केलं होतं, पण खूश झाल्या किंवा चिडल्या की यवतमाळ बाहेर यायचं. आम्ही त्यांना मॅडम म्हणायचो. सुरुवातीच्या काळात मॅडमनी आमच्याच पेशंटांच्या रिपोर्टांवरून एक लेख लिहिला होता. आपल्याकडच्या बायकांमध्ये हॉर्मोनच्या चाचणीला निगेटिव्ह येणाऱ्या गाठी फार जास्त दिसतात, म्हणजे आपल्याकडचा कॅन्सर जात्याच वेगळा आणि वाईट असावा, असं त्यात मांडलं होतं. लेख परदेशातल्या मोठ्या नियतकालिकात आला आणि फार गाजला. संशोधकांच्या जगात गाजणं म्हणजे काय, तर दुसरे लोक आपला लेख लिहिताना शेवटी तुमच्या लेखाचं नाव देतात. मॅडमच्या लेखाचं नाव इतक्या ठिकाणी यायचं की आमच्या विभागप्रमुखांना तो स्वतःच लिहिल्यासारखा वाटू लागला होता.

त्या लेखातली प्रत्येक काच मी तयार केली होती. मलाही अभिमान होताच.

मग मॅडमनी पुढचा लेख लिहायला घेतला. आपल्याकडच्या गाठी निगेटिव्ह का, याचं कारण शोधायचं. रक्तात काही आहे का, जनुकांत काही आहे का. त्यासाठी त्यांना जुने तपशील हवे होते, म्हणून त्यांनी माझी रजिस्टरं मागितली. लाल कापडी बांधणीची ती जाडजूड रजिस्टरं माझ्या कपाटात असायची. नंबर, नाव, सर्जन, तारीख, बरणी घेणाऱ्याची सही, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. शेऱ्यात नियमाप्रमाणे काहीच लिहायचं नसे. मी मात्र पेन्सिलीने लिहायचे. काम करताना मनात आलेलं कुणाला तरी सांगावंसं वाटतं, आणि शेजारी यंत्राशिवाय कुणी नसायचं.

दुपारी डबा खाताना मॅडम माझ्या टेबलाशी ती रजिस्टरं वाचत बसायच्या. पहिले दोन दिवस त्या नुसत्या हसत होत्या. 'ब्लेड मोडलं, दोष ब्लेडचा, माझा नाही.' 'सर्जनांनी गाठीबरोबर आपला धागाही पाठवला आहे, परत हवा का विचारणे.' 'मधे कच्चं.' 'मधे कच्चं.' 'पुन्हा मधे कच्चं, देव बघून घेईल.'

तिसऱ्या दिवशी त्यांचं हसणं थांबलं. मला म्हणाल्या, "कुंदाताई, हे मधे कच्चं म्हणजे काय?"

मी त्यांना समजावलं. गाठ आख्खीच्या आख्खी फॉर्मॅलिनमध्ये टाकली तर औषध कडेकडेने आत शिरतं, मधल्या भागापर्यंत पोचायला फार वेळ घेतं. तोवर मधला भाग खराब व्हायला लागतो. म्हणून बरणीत टाकण्याआधी तिला चिरा द्यायला हव्यात, भरल्या वांग्याला देतो तशा, म्हणजे मसाला आतपर्यंत जातो. चिरा दिल्या नाहीत की कडेचा भाग छान पक्का होतो आणि मधला लिबलिबीत राहतो, पात्याला चिकटतो. मॅडम डॉक्टर होत्या, त्यांना हे पुस्तकातून माहीत होतं. फक्त आपल्याकडे असं किती वेळा होतं हे माहीत नव्हतं, कारण त्यांच्या हातात येईपर्यंत मी कच्च्यातूनही दिसायला सुंदर काप काढून दिलेला असायचा.

त्यांनी एका बाजूला निगेटिव्ह रिपोर्टांची यादी ठेवली आणि दुसऱ्या बाजूला माझे शेरे. मग उठून भिंतीवरच्या खिळ्याला एकावर एक अडकवलेली जुनी कॅलेंडरं काढून आणली. पोळीचा घास हातात तसाच. एकेक तारीख ताडून बघून म्हणाल्या, "हे तर सगळं शनिवार करून राहिले."

शनिवारी आमचा अर्धा दिवस. सर्जन लोकांच्या ऑपरेशनांना अर्धा दिवस समजत नाही. वॉर्डातले मारुतीमामा बरण्या घेऊन दीड-दोनला वर यायचे, तेव्हा डॉक्टर निघून गेलेले असायचे. आणि विभागाचा दंडक असा, की डॉक्टरांनी आख्खी गाठ डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिला सुरी लावायची नाही. दंडकाला कारण होतं. गाठ किती मोठी, कुठवर पसरली, हे चिरल्यावर नीट कळत नाही. तेव्हा मी बरणी घ्यायचे, झाकण घट्ट लावायचे, चिठ्ठी सरळ चिकटवायचे, सही करायचे आणि फळीवर ठेवून कुलूप लावून घरी जायचे. गाठ सोमवारपर्यंत आख्खी पोहत राहायची.

यात माझा फक्त नाइलाज होता असं सांगितलं तर खोटं होईल. मला त्या फळीचा गर्व होता. सगळ्या बरण्या एका रांगेत, चिठ्ठ्या पुढे, एक थेंब बाहेर नाही. एकदा एका शिकाऊ डॉक्टरणीने शनिवारी दुपारी थांबून माझ्याकडे सुरी मागितली होती. म्हणाली, मी पाहून, मापं घेऊन, चिरा देऊन जाते. मी तिला म्हटलं होतं, "आपण नवीन आहात. इथे जे होतं ते सोमवारी होतं." माझ्या या बाणेदार उत्तराची गोष्ट मी घरी जेवताना रंगवून सांगितली होती.

चाचणीचा काप नेहमी गाठीच्या मधल्या ब्लॉकवरून घ्यायचो, कारण गाठ तिथे भरपूर मिळते. पण मधला भाग कच्चा राहून खराब झाला, की त्यावर रंग चढत नाही आणि पॉझिटिव्ह गाठही निगेटिव्ह दिसते. आमच्याकडे कडेचे, पक्क्या भागाचेही ब्लॉक होते. पोटमाळ्यावर खोक्यांत, नंबरवार. ब्लॉक टाकायचा नाही हाही माझाच हट्ट होता, आणि या एका हट्टाबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. मी आणि मारुतीमामांनी चार दिवस शिडी लावून शनिवारच्या गाठींचे कडेचे ब्लॉक खाली आणले. मामा साठीला आलेले, धुळीने शिंकून शिंकून बेजार, पण एकाही खोक्याचा क्रम त्यांनी चुकवला नाही. मी काप काढले, रंग टाकला. मॅडम शेजारी उभ्या.

सगळ्या काचा बदलल्या नाहीत. काही खरोखरच निगेटिव्ह होत्या, तशाच राहिल्या. पण पहिली तपकिरी काच आली, मग दुसरी, मग लागोपाठ तीन. मला आनंद झाला, आणि मी रजिस्टरात त्या नंबरांसमोरची नावं वाचायला लागले. या प्रत्येक काचेमागे एक बाई होती, जिला आम्ही सांगितलं होतं की तुझ्यासाठी गोळी नाही.

मॅडमनी सर्जनांशी आणि कॅन्सरच्या डॉक्टरांशी बोलून ठरवलं की या सगळ्यांना बोलवायचं. गोळी उशिरा सुरू केली तरी उपयोग होतो, असं ते म्हणाले. बहुतेक फोनवर सापडल्या. एका नंबरावर नवऱ्याने फोन उचलला आणि ती मागच्या वर्षी गेली म्हणून सांगितलं. मी म्हटलं, तपासणीसाठी फोन केला होता. याहून जास्त काही बोलायचं धैर्य मला झालं नाही. ते राहून गेलं याची खंत आजही आहे.

एक बाई काही केल्या सापडेना. सुमनबाई, वय पन्नाशीच्या आसपास, पत्ता विश्रांतवाडीच्या पुढे, विहिरीजवळ. फोन बंद, पाठवलेलं पत्र परत. रजिस्टरात त्या शनिवारी बरणी घेतल्याची सही माझी होती, आणि शेरा होता, मधे कच्चं. मॅडम म्हणाल्या, आपण माणूस पाठवू. मी म्हटलं, मी जाते.

रविवारी बस पकडून गेले. विहीर विचारली तर लोक मला वेड्यात काढायला लागले. विहीर बुजून तिथे अकरा मजली सोसायटी उभी होती. शेवटी इस्त्रीवाल्याने मागची वाट दाखवली. सोसायटीच्या भिंतीला लागून एक दुमजली बंगला, दारात मोठी गाडी, आणि बंगल्याच्या मागे राहिलेल्या दोन गुंठ्यांत सुमनबाई उकिडव्या बसून मेथीच्या जुड्या बांधत होत्या. डोक्याला रुमाल. केमोने गेलेले केस बोटभर परत आले होते.

मी ओळख सांगितली. लॅपटॉप घेऊन काम करत बसलेली सून बाहेर आली, खुर्ची दिली. मी बरणी, चिरा, कड आणि मधला भाग, सगळं जमेल तसं सांगितलं. सुमनबाईंचा हात जुडी बांधतच होता.

"म्हंजी तवा चुकलं व्हतं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"कुनाचं?"

बसमध्ये मी याचं उत्तर तयार करून आणलं होतं. अर्धा दिवस, दंडक, डॉक्टर, सर्जन.

"माझं," मी म्हटलं.

सून म्हणाली, "मम्मी, धिस इज सीरियस हां. आपण केस टाकू शकतो यांच्यावर." तिचं बरोबर होतं.

सुमनबाईंनी जुडी बाजूला ठेवली. मग त्या जे बोलल्या ते मला आधी कळलंच नाही. त्यांच्या डोक्यात सगळं वेगळंच होतं. केमो संपल्यावर डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता औषध काही नाही, दर सहा महिन्यांनी दाखवायला या. त्याचा अर्थ त्यांनी असा घेतला होता, की डॉक्टरांनी हात टेकले, आता फक्त दिवस मोजायचे. कुणाला काही न बोलता त्यांनी आपल्या पाटल्या सुनेला देऊन टाकल्या होत्या. शेवटचा वाफा कुणाला द्यायचा तेही ठरवलं होतं.

"म्हंजी माज्यावर औशीद हाय?" त्यांनी विचारलं.

"आहे. रोज एक गोळी. खात्री कुणीच देत नाही, पण औषध आहे."

त्या सुनेकडे वळल्या. "केस-बिस मागनं बघू. आदी ती गोळी कुटं मिळती त्ये इचार."

त्यांनी मला चहा दिला आणि निघताना मेथीच्या चार जुड्या. मी नको म्हणत होते. त्यांनी त्या पिशवीत कोंबल्या आणि म्हणाल्या, "चुकलं म्हनून सांगायला येवढं लांब कोन येतंय." बसमध्ये मी मेथी मांडीवर घेऊन रडले, आणि शेजारच्या बाईने मेथी कशी दिली असं विचारलं.

मंगळवारी सुमनबाई हॉस्पिटलात आल्या, गोळ्या सुरू झाल्या. सहा महिन्यांनी तपासणीला आल्या तेव्हा हातात पाटल्या होत्या. सुनेकडून परत मागून घेतल्या म्हणाल्या. सून शेजारी बसून हसत होती. केस काही तिने टाकली नाही, पण आमच्या विभागाला एक कडक पत्र मात्र लिहिलं, आणि ते मी नोटीस बोर्डावर लावलं.

शनिवारचा प्रश्न लगेच सुटला. शनिवारी एक डॉक्टर उशिरापर्यंत थांबणार, गाठ बघणार, मापून चिरा देणार, मग बरणी फळीवर. विभागप्रमुख म्हणाले, झालं तर मग, आता लिहायची काय गरज आहे? आपल्या घरातली गोष्ट जगाला कशाला सांगायची?

मॅडम त्या दिवशी डबा उघडून नुसत्या बसल्या होत्या. त्यांचा गाजलेला लेख निम्मा तरी आमच्या शनिवारांवर उभा होता. नवीन लेख लिहायचा म्हणजे स्वतःच्या हाताने तो खाली ओढायचा. मला म्हणाल्या, "किती लोक त्या लेखावर उभे आहेत, कुंदाताई."

"मग त्यांना सांगा खाली उतरायला," मी म्हटलं.

त्या हसल्या, आणि मग हळूच म्हणाल्या की लेखाबरोबर माझ्या रजिस्टराची पानं पाठवावी लागतील, माझ्या सह्यांसकट. दुसऱ्याला खाली उतरायला सांगणं सोपं असतं. मी दोन दिवस मॅडमशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी रजिस्टरं त्यांच्या टेबलावर नेऊन आपटली आणि म्हटलं, पानं फाडायची नाहीत, फोटो काढा.

लेख लिहायला वर्ष गेलं. नियतकालिकाच्या परीक्षकांनी विचारलं, गाठ नीट मुरली नव्हती याची नोंद कुणी आणि कशी ठेवली? मॅडमनी कळवलं, आमच्या तंत्रज्ञ पेन्सिलीने शेरे लिहितात. परीक्षकांनी शेऱ्यांचं भाषांतर मागितलं. 'देव बघून घेईल' याचं काय करावं यावर आमची एक अख्खी दुपार गेली. शेवटी मॅडमनी तेही पाठवलं. लेख स्वीकारला गेला. लेखकांच्या नावांत मॅडमच्या नावाखाली माझं नाव होतं. मी त्यांना म्हटलं, अहो, मला इंग्रजीत धड अर्ज लिहिता येत नाही. त्या म्हणाल्या, यात लिहिण्यासारखं जे होतं ते तुम्ही आधीच लिहून ठेवलं होतं.

त्यानंतर मेल यायला लागल्या. आफ्रिकेतल्या एका हॉस्पिटलाने लिहिलं, आमच्याकडे शनिवारीच नाही तर बुधवारीही बरण्या पडून राहतात, आम्ही आता चिरा देतो. कुठल्या तरी थंड देशातून एका तंत्रज्ञाने फक्त मला लिहिलं. तोही शेरे लिहायचा, पण त्याच्या साहेबांनी त्याला ते खोडायला लावले होते. सोलापूरकडच्या एका लॅबमधून फोन आला, चिरा नेमक्या किती अंतरावर द्यायच्या? ती मुलगी फोनवर असतानाच सुरी हातात घेऊन उभी होती. मी तिला बोटाने मापायला शिकवलं. एवढा आनंद मला पगारवाढीचा कधी झाला नव्हता.

एक गोष्ट मात्र अजून खुपते. जुना लेख अजूनही नव्यापेक्षा जास्त चालतो. चुकीचं एकदा लोकांच्या तोंडी बसलं की उठत नाही. कुणी जुन्याचा आधार घेतला की मॅडम त्याला स्वतः पत्र लिहितात, आपण माझा लेख वापरलात याबद्दल आभारी आहे, तो अर्धा चुकीचा आहे, सोबत दुसरा जोडला आहे. काही जण उत्तर देतात, काही जण देत नाहीत.

माझ्या निवृत्तीच्या थोडं आधी आमच्याच हॉस्पिटलच्या सभागृहात डॉक्टरांचं एक संमेलन भरलं. मॅडमचं भाषण होतं. मी सकाळी विभागात आवराआवर करत होते, तर दारात सुमनबाई. पाच वर्षं पूर्ण झाली होती. गोळ्यांचं शेवटचं पाकीट संपलं होतं, आता पुढे काय करायचं ते विचारायला त्या आल्या होत्या. डॉक्टर सगळे सभागृहात. मी म्हटलं, चला वर, एसी आहे, जेवणही चांगलं आहे, मॅडम तिथेच भेटतील. आम्ही मागच्या रांगेत जाऊन बसलो.

मॅडम इंग्रजीत बोलत होत्या. आधी जुना लेख दाखवला आणि हा माझा, आणि तो का चुकला ते सांगते, असं म्हणाल्या. सभागृहात चुळबुळ झाली. मग पडद्यावर दोन काचा आल्या, शेजारी शेजारी. एक निळसर कोरी, दुसरी तपकिरी ठिपक्यांनी गच्च भरलेली. नाव नव्हतं, फक्त नंबर. तो नंबर मला पाठ होता. मी सुमनबाईंच्या कानाशी वाकून सांगितलं, "ही तुमची."

मी कुजबुजले होते. सुमनबाईंना कुजबुज माहीत नाही. त्यांचा आवाज शेताच्या या टोकाकडून त्या टोकाला जाणारा.

"ही माजी हाय?"

सगळं सभागृह मागे वळलं. सूत्रसंचालन करणाऱ्या डॉक्टरांनी माइकवरून शांतता राखायला सांगितलं. मला कुठे तोंड लपवू असं झालं. मॅडमनी डोळ्यांवर हात धरून मागे पाहिलं, ओळखलं, आणि इंग्रजी सोडून दिलं.

"हो सुमनबाई, तुमचीच."

सुमनबाई उभ्या राहिल्या. भिंतीएवढ्या मोठ्या त्या तपकिरी ठिपक्यांकडे त्यांनी डोळे भरून पाहिलं. मग पदर सारखा केला आणि पुढच्या रांगांतल्या कोटवाल्या मंडळींना म्हणाल्या, "बगून घ्या नीट. इचारायचं आसंल तर इचारा."

मग मधल्या रांगेतून एक तरुण डॉक्टर उठली. तिने मराठीत विचारलं, "मावशी, गोळ्या पूर्ण घेतल्या का?"

सुमनबाईंनी कमरेची पिशवी सोडली, त्यातून रिकामं पाकीट काढलं आणि सगळ्यांना दिसेल असं हात वर करून धरलं.

"आज सकाळीच संपल्या."